सुनेत्राबाई सही करत नाहीत

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या सुनेत्राबाईंना कोणी काही खायला दिलं, तर त्या ते आधी उलटं करून बघतात. गेल्या दिवाळीत माझ्या बायकोने, संध्याने, त्यांना चकल्यांचा डबा नेऊन दिला. बाईंनी एक चकली उचलली, खिडकीच्या उजेडात धरली आणि विचारलं, "या पहिल्या घाण्याच्या की शेवटच्या?" संध्या जिना उतरली ती फणफणतच. "अहो, चकली आहे ती, विमानाचा पार्ट नाही!" दुसऱ्या दिवशी मात्र आमच्याच डब्यातली एक तोंडात टाकून ती हळूच म्हणाली, "शेवटच्या घाण्याच्या जरा मऊ पडल्यात हो."

बाई मूळच्या चिंचवडच्या. तिथे एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात नऊ वर्षं तपासणी खात्यात होत्या. आता इथे, न्युरेम्बर्गहून एस-बान लोकलने वीस मिनिटांवर असलेल्या आमच्या गावात, लिफ्टचे दरवाजे बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत तेच करतात. दिवसभर दरवाजे उघडायचे, मिटायचे, मध्ये लाकडी ठोकळा धरायचा आणि दरवाजा ठोकळ्याला चावतो का ते बघायचं. घरी आल्यावर त्या माणसांचंही तेच करतात, असं त्यांचा नवरा हरीश म्हणतो. अर्थात, त्या घरात नसताना म्हणतो.

"जाऊन बघितलं का?" हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. मी एकदा म्हटलं, तळघरातला दिवा गेलाय. "जाऊन बघितलंत का, श्यामकांतदादा, की वहिनींनी सांगितलं?" वहिनींनीच सांगितलं होतं. दिवा चालू होता.

गेल्या मार्चमध्ये उत्तरेकडच्या एका गावातल्या शाळेत एक माणूस बंदूक घेऊन शिरला. नऊ जण गेले. त्यातली सात मुलं होती. त्या आठवड्यात आमच्या जिन्यात कोणी मोठ्याने बोललं नाही. मीसुद्धा नाही, यावरूनच समजा. माझी उर्जा आठवीत, बाईंचा वेदांग पाचवीत, शाळा एकच. सकाळी मुलं बसमध्ये चढली, बस वळणावरून दिसेनाशी झाली, तरी आम्ही आईबाप स्टॉपवर उगाच पाचपाच मिनिटं उभे राहायचो.

मग शाळेने एल्टर्नआबेंड ठेवला, म्हणजे पालकसभा. संध्याकाळी सहाला सभागृह गच्च भरलं. मुख्याध्यापिका फ्राऊ डॉर्नहोफर, करड्या केसांच्या, नीटनेटक्या, हातात जाड फाईल घेऊन उभ्या राहिल्या. त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. आगीची घंटा झाली की मुलांनी बाहेर मैदानात यायचं. पण कोणी हत्यार घेऊन शिरला, तर लाउडस्पीकरवर वेगळी घोषणा होते, आणि ती ऐकली की दार आतून लावून वर्गातच बसायचं. "शाळेतल्या प्रत्येक खोलीत ही घोषणा ऐकू येते," त्या म्हणाल्या आणि फाईलवर हात ठेवला. "सगळं तपासलेलं आहे."

पुढे विचारलं, "आल्झो, तर आपण एक सुरक्षा गट करतोय. पालकांतर्फे कोण येईल?"

अशा वेळी इथले पालक आपल्या बुटांकडे असे बघतात, जणू ते आजच दुकानातून आणलेत. मीही माझे बघितले. आणि त्या दोनशे वाकलेल्या मानांमधून एक हात सरळ वर गेला. सुनेत्राबाईंचा.

"वुंडरबार!" फ्राऊ डॉर्नहोफर म्हणाल्या. सगळ्यांनी बाकांवर टकटक केली. इथे टाळ्यांच्या जागी कधीकधी अशी टकटक चालते. बाई गोंधळून उभ्या राहिल्या. आपल्याकडे हात वर करायचा तो शंका विचारायला. इथे त्या क्षणी हात वर म्हणजे उमेदवारी, आणि दुसरा उमेदवार नाही म्हणजे निवड.

"मला फक्त विचारायचं होतं," बाई म्हणाल्या, "मैदानाच्या टोकाला कंटेनरचे चार वर्ग आहेत. तिथे ऐकू येते का ही घोषणा?"

"हो, हो, नक्कीच. फाईलमध्ये आहे तसं."

"जाऊन बघितलं का?"

हे त्यांनी चक्क जर्मनमध्ये विचारलं. मुख्याध्यापिका गोड हसल्या. "आता तुम्ही गटात आहातच. सविस्तर बोलू."

घरी येताना मी म्हटलं, "अभिनंदन! बिनविरोध! मिरवणूक कधी काढायची?"

"दादा, गप्प बसा. तुमच्या शेजारीच होते ना मी? माझा हात खाली ओढता आला नाही?"

चार दिवसांनी बाईंकडे शाळेचं पत्र आलं. सगळ्या पालकांना पाठवायचं, त्यांचा जीव शांत व्हावा म्हणून. 'शाळेतल्या प्रत्येक खोलीत धोक्याची घोषणा स्पष्ट ऐकू येते' असं त्यात ठळक लिहिलेलं. डावीकडे मुख्याध्यापिकेची सही झालेली, उजवीकडची जागा बाईंसाठी मोकळी. मी तेव्हा त्यांच्या स्वयंपाकघरात चहाला होतो. संध्या म्हणते मी तिथे नेहमीच चहाला असतो.

हरीश म्हणाला, "कर ना सही. सगळे घाबरलेत. त्यांना बरं वाटेल."

वेदांग मराठी सगळं समजतो, उत्तर मात्र जर्मनमध्ये देतो. तो कळवळून म्हणाला, "आई, बिटे निश्त, नको ना! तू काहीतरी विचारशील आणि अख्खी शाळा माझ्याकडे बघेल."

बाईंनी पेनाचं टोपण काढलं होतं. तसंच धरून त्यांनी विचारलं, "वेदांग, तुझा वर्ग कंटेनर दोनमध्ये. तुला तिथे मधल्या सुट्टीची घंटा ऐकू येते?"

"घंटा?" तो खांदे उडवून म्हणाला. "आम्ही खिडकीतून बघतो. बाकीची मुलं बाहेर आली की आम्ही जातो."

हरीशचा चहाचा कप तसाच हातात राहिला. बाईंनी टोपण परत लावलं. ते टक् करून बसलेलं मला अजून आठवतं. मोठ्या इमारतीतली मुलं दारं लावून बसलेली, आणि या चार डब्यांमधली नव्वद-शंभर पोरं काही न कळून आत-बाहेर करताहेत. आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तेच आलं.

बाईंनी शाळेला मेल केली: शनिवारी, मुलं नसताना, ऐकून बघायचं आहे. उत्तर आलं, 'तुमचं समाधान होत असेल तर जरूर.' शनिवारी सकाळी आम्ही चौघे शाळेत. बाई, हरीश, मी आणि तिथले हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल बघणारे हेर झायडल. (हेर म्हणजे इथे श्रीयुत, गुप्तहेर नव्हे.) त्यांची मिशी कोटाच्या ब्रशएवढी, आणि बोली अशी खास इथली की जर्मन शिकून आलेल्या माणसाने पुन्हा पहिलीत बसावं.

"खरी घोषणा करू नका," बाईंनी त्यांना बजावलं. "आजूबाजूला घरं आहेत. लोक घाबरतील."

"मग काय बोलू?"

"काहीही. कॅन्टीनचा मेन्यू वाचा."

तर हेर झायडल ऑफिसातल्या मायक्रोफोनवर पुढच्या आठवड्याचा मेन्यू वाचणार, बाई आणि हरीश हातात यादी घेऊन इमारत फिरणार, आणि मी कंटेनर दोनमध्ये वेदांगच्या खुर्चीवर. त्या खुर्चीवर बसलो की माझे गुडघे कानाला लागत होते. भिंतीवर मुलांनी काढलेला जगाचा नकाशा होता, त्यात भारत जरा जास्तच मोठा. तो कोणी काढला असणार हे मी ओळखलं. डोक्यावर हीटरचा पंखा घोंघावत होता. वीस मिनिटं मी कान टवकारून बसलो.

बाई आल्या. "मोठ्या इमारतीत एक्केचाळीस खोल्या. सगळीकडे ऐकू आलं. व्यायामशाळेत थोडं बारीक, पण आलं. इथे काय ऐकू आलं?"

"हीटर. आणि मध्ये एकदा कबूतर."

"दादा, थट्टा नको."

"नाही आलं," मी म्हटलं. "काहीच नाही."

त्यांनी कागदावर 'नाही' लिहिलं आणि त्या शब्दासमोर माझी सही घेतली. उरलेले तिन्ही डबे हरीशने बसून तपासले. तीनदा 'नाही'.

हेर झायडलनी इमारतीच्या मागच्या भिंतीवरची पेटी उघडून दाखवली. कंटेनरकडे जायची वायर तिथे नुसती लोंबत होती, टोकाला चिकटपट्टी गुंडाळलेली. "मी दोनदा फोन केला इमारत खात्याला," ते मिशीतल्या मिशीत म्हणाले. "एकदा पानगळीत, एकदा नाताळाच्या आधी. लिहून नाही दिलं." एवढा धिप्पाड माणूस, पण त्या पेटीसमोर शाळकरी मुलासारखा उभा होता.

सोमवारी दुपारी गटाची बैठक झाली. मी तिथे साक्षीदार म्हणून, कारण सही माझी. हे मी संध्याला दोनदा सांगितलं, कारण तिचा विश्वास बसेना. इमारत खात्याकडून निळ्या जॅकेटातले एक तरुण साहेब आले होते. त्यांनी कागद चाळला आणि बोट थेट हेर झायडलकडे केलं. "लेखी तक्रार नाही, म्हणजे तक्रारच नाही. हाउसमाइस्टरने लिहून द्यायला हवं होतं."

"त्यांची चूक आहे," बाई म्हणाल्या. "ती त्यांनी मला स्वतःहून सांगितली. पण आमच्या कारखान्यात स्क्रू कोणी सैल ठेवला ते नंतर विचारतात. आधी विचारतात, 'ठीक आहे' असं कोणी लिहिलं. फाईलमध्ये कंटेनरपुढे बरोबरची खूण आहे. ती कोणाची?"

निळं जॅकेट म्हणालं, कंटेनर तात्पुरते आहेत, ते भाड्याच्या विभागाकडे येतात. भाड्याच्या विभागाकडे वायर येत नाही. वायरचा विभाग वेगळा. मी मनात तीन विभाग मोजले, एकातही माणूस नाही.

फ्राऊ डॉर्नहोफर यांनी फाईल उघडली. पान शोधायला त्यांना वेळ लागला नाही. मला वाटतं शनिवारच्या तपासणीची बाईंची मेल वाचल्यापासून त्यांना ते पान पाठ होतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"खूण माझी आहे," त्या म्हणाल्या. "कंटेनर उन्हाळ्याच्या सुट्टीत आले. जुनी यादी तयार होती. मी खाली चार ओळी वाढवल्या आणि वरच्यासारख्याच खुणा केल्या. मी तिकडे गेलेच नव्हते."

मला त्या क्षणी एक विनोद सुचला होता. तो मी गिळला. आयुष्यात पहिल्यांदाच.

सुनेत्राबाईंच्या चेहऱ्यावर जिंकल्यासारखं काही दिसलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "बरं. मग उद्या मुलं कुठे बसणार?"

"लायब्ररीत आणि संगीताच्या खोल्यांत. उद्या सकाळपासून. टेबलं मी आजच हलवून घेते."

"आणि वायर?"

निळं जॅकेट लिहू लागलं. "विषय तपासला जाईल..."

"कोण तपासेल?"

"खातं."

"खात्याचं आडनाव काय?"

हेर झायडलची मिशी हलली. इथे बैठकीचं प्रोटोकॉल, म्हणजे टिपण, लिहितात आणि त्यात नाव आणि तारीख पडली की काम होतं. नाव नसलं, तर ते काम म्हातारं होऊन मरतं. दहा वर्षं इथे काढलेल्या प्रत्येकाला हे माहीत आहे. बाईंनी आपलं पेन पुढे सरकवलं. साहेबांनी स्वतःचं नाव लिहिलं आणि अठ्ठावीस तारीख टाकली. हेर झायडलनी यापुढे तक्रार लेखीच देईन असं लिहून सही केली, अक्षर अगदी सुबक. शेवटच्या ओळीत फ्राऊ डॉर्नहोफर यांनी लिहिलं की जुनं पत्र जाणार नाही. नवं पत्र आज जाईल, त्यात कंटेनरमध्ये ऐकू येत नव्हतं आणि खूण चुकीची होती हे असेल, खाली फक्त त्यांची सही.

"पालक भडकतील," जॅकेट म्हणालं.

"गेनाऊ, अगदी बरोबर," त्या म्हणाल्या. "भडकायलाच हवं."

आणि भडकलेच. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस नुसती आग. एका बापाने तर मुख्याध्यापिकेला काढाच म्हणून सह्या गोळा करायला घेतल्या. त्याने बाईंचीही मागितली. बाईंनी ग्रुपवर उत्तर दिलं, मी ते उर्जाकडून नीट वाचून घेतलं: 'यांनी चूक स्वतः लिहून दिली. यांना काढलंत, तर पुढे येणारी व्यक्ती चूक झाकेल. माझा मुलगा मी लिहून देणाऱ्यांकडे ठेवीन.' त्यानंतर ग्रुप थंड झाला. तो बाप अजून बाईंना नमस्कार करत नाही. त्यांनी ते बघितलंही नसेल.

सव्वीस तारखेला इलेक्ट्रिशियन येऊन गेला, चक्क दोन दिवस आधी. त्याच संध्याकाळी पाचच्या सुमारास बाईंचा फोन वाजला. मी अर्थातच चहाला होतो. बाईंनी फोन स्पीकरवर टाकला.

"मी स्वतः जाऊन बसले," फ्राऊ डॉर्नहोफर म्हणाल्या. "स्पष्ट ऐकू आलं."

"हीटर चालू होता?"

"चालू होता."

"खिडक्या बंद?"

"बंद."

"चारही कंटेनर?"

"तीन. चौथ्याची किल्ली हेर झायडलकडे आहे, आणि ते मायक्रोफोनपाशी."

हरीशने माझ्याकडे बघितलं, मी हरीशकडे.

"मी किल्ली आणते," पलीकडून आवाज आला. "फोन ठेवू नका."

आम्ही तिघांनी बसून ऐकलं. खडीवर पावलं, दम लागलेला, दरवाजा, पुन्हा खडी, किल्ली कुलपात दोनदा चुकलेली. मग खुर्ची ओढल्याचा आवाज, हीटरची घरघर, आणि त्या घरघरीच्या वर हेर झायडलचा भसाडा आवाज, एकापासून दहापर्यंत आकडे मोजणारा. बाईंच्या स्वयंपाकघरापर्यंत आला.

"आला?" फ्राऊ डॉर्नहोफर यांनी विचारलं.

"आला," सुनेत्राबाई म्हणाल्या. "मुलांना सोमवारी परत न्या."

आता सगळीकडे ऐकू येतं असं पालकांना सांगणारं शाळेचं तिसरं पत्र टेबलावर होतंच, या वेळी दोघींच्या सह्यांसाठी. बाईंनी ते जवळ ओढलं, पुन्हा एकदा शेवटपर्यंत वाचलं, उजवीकडे सही केली आणि खाली तारीख टाकली.