दाजींचा कान

स्पीकरच्या कडेचा फोम स्पीकर वाजवला तरी सडतो आणि न वाजवता झाकून ठेवला तरी सडतो, हे दाजी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत. गिऱ्हाईक हटकून म्हणे, "अहो, पण आम्ही स्पीकर इतकी वर्षं कपाटाबाहेर काढलाच नाही." दाजी मग वूफरच्या, म्हणजे मोठ्या स्पीकरच्या, कागदी कोनाभोवतीच्या काळ्या कडेला नुसतं बोट लावत आणि ती कड भिजलेल्या बिस्किटासारखी टेबलावर गळून पडे. गिऱ्हाइकाचा चेहरा पडे. दाजींना त्यात थोडी मजा वाटे, हे मी त्यांचा मेहुणा असल्यामुळे सांगू शकतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. दोन दुकानांमधल्या बोळावर पत्रा टाकून केलेल्या खोलीत त्यांनी उभा जन्म जुन्या स्पीकरना नव्या कडा लावण्यात घालवला. कडेवर पुठ्ठ्याचं गोल कडं, म्हणजे गॅस्केट असतं. ते दाजी पातळ पात्याने असं उचलत की अखंड हातात येई, कारण शेवटी तेच परत चिकटवायचं असे. मग जुना फोम खरवडायचा, थिनरच्या सोल्यूशनने जुना डिंक पुसायचा आणि नवी कड बसवायची. हे सगळं कोणीही शिकेल. मीही शिकलो असतो, पण मला सरकारी नोकरी मिळाली आणि हातांना काही येईनासं झालं.

खरी गोम पुढे आहे. कोनाच्या पोटाशी तारेची गुंडाळी असते. ती लोहचुंबकाच्या बारीक फटीत, कुठेही न टेकता वरखाली व्हावी लागते. नवी कड जराशी एका अंगाला बसली की गुंडाळी घासते आणि स्पीकर घसा बसल्यासारखा वाजतो. म्हणून चिकटवताना दाजी त्या फटीत एक्स-रेच्या फिल्मच्या पट्ट्या उभ्या खोवत. घरातल्या सगळ्यांची हाडं अशी कामी आली. ताई आजारी पडली तेव्हा डॉक्टरांनी छातीचा जुना फोटो मागितला, तर तो कधीच कापून झालेला. "माझी छाती कुणाच्या तरी स्पीकरात आहे," ती डॉक्टरांना म्हणाली, "तिथे जाऊन बघा."

डिंक वाळला की पट्ट्या काढायच्या, दोन्ही हातांच्या बोटांनी कोन हळूच दाबायचा आणि कान लावायचा. नीट बसलेला कोन काहीच बोलत नाही. घासणारा अगदी बारीक खसखसतो. ती खसखस ऐकू येणं हाच दाजींचा सगळा धंदा होता, आणि गेली कित्येक वर्षं त्यांना ती ऐकू येत नव्हती.

हे मला ताई गेल्यावर कळलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ताईच्या मुठीत काही झाकलेलं राहील असं मी स्वप्नातसुद्धा मानलं नसतं. तिच्या जिभेला हाड नव्हतं. शेजाऱ्यांची लग्नं मोडल्याच्या बातम्या शेजाऱ्यांच्या आधी तिला कळायच्या आणि तिच्याकडून गावाला. तरी हे एक तिने राखलं. दुपारी चहाचा थर्मास घेऊन ती दुकानात जाई, स्टुलावर बसे. दाजी कोन दाबत. ती "घासतंय" म्हणे, नाहीतर "नाही" म्हणे. घासतंय म्हटलं की दाजी निमूटपणे सगळं काम उखडून पुन्हा करत. दोघांचा अबोला असला तरी ती यायची. तेवढा एक शब्द टाकायची आणि पुन्हा तोंड फिरवून बसायची.

गेल्या थंडीत ताई गेली. दाजींनी बोटांच्या भरवशावर काम चालवून पाहिलं, पण सोल्यूशनने बोटांची टोकं केव्हाच मेली होती. वूफर परत येऊ लागले. कानातलं यंत्र आणलं, तर त्यात स्वतःचा शर्टसुद्धा खसखसायला लागला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तसे ते रोज सकाळी दुकान उघडत आणि संध्याकाळपर्यंत समोरच्या भिंतीकडे बघत बसत. जेवायचंही भान नसे. दुकान बंद झालं तर हा माणूस टिकणार नाही, हे मला दिसत होतं आणि माझ्या भाचीलाही.

ती दुसऱ्या गावाहून बसने आली. दाजींनी आम्हा दोघांना तेव्हा पहिल्यांदा सगळं सांगितलं. भाची म्हणाली, "बाबा, मी सुट्टीच्या दिवशी येत जाईन. आठवडाभराचे कोन मला दाखवा. आईचं काम मी करते." दाजी म्हणाले, "ये."

पुढच्या सुट्टीला ती आली, स्टुलावर बसली. मी दारात उभा होतो. दाजींनी एक मोठा वूफर पुढे घेतला, पट्ट्या उपसल्या आणि कोन दाबला.

खस.

मला दारातून ऐकू आलं. दाजींनी पुन्हा दाबला. पुन्हा खस. ते पोरीच्या तोंडाकडे बघत होते. त्या दिवशी त्यांनी दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. पोरीने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"स्वच्छ आहे, बाबा," ती म्हणाली. "छान बसलाय."

मला वाटलं, आज पहिला दिवस आहे, पुढच्या वेळी सांगेल खरं.

"नक्की?"

"नक्की."

दाजी हसले. तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग त्यांनी तिला सगळं दुकान दाखवलं, जुनी गॅस्केटं, नव्या कडांचे डबे, आणि ती निघाली तेव्हा स्टँडपर्यंत सोडायला गेले. बस सुटताना पोरगी खिडकीतून हात हलवत होती. तिचा चेहरा इतका उजळला होता की मलाही बरं वाटलं.

परत आल्यावर दाजींनी तो वूफर उचलला आणि पातं घालून नवी कड टराटरा सोलून काढली.

"मुद्दाम सरकवून चिकटवला होता," ते म्हणाले. "तुलाही ऐकू आलं ना?"

"आलं."

"मग?"

"दाजी, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून ती..."

"तुझी ताई हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशी इथे बसली होती. श्वास पुरत नव्हता. तरी म्हणाली, घासतंय." त्यांनी सोललेला फोम टोपलीत टाकला. "ती गेली तेव्हा मी एकटा पडलो असं सगळे म्हणाले. मला तसं वाटलं नव्हतं. आज वाटतंय. तुम्ही मला सांभाळून घ्यायला लागलात."

मी म्हणालो, आता मी ऐकतो, मी खरं सांगेन, शपथेवर सांगेन. त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही. फळीवरचे लोकांचे वूफर त्यांनी एकेक करून खोक्यात भरले, ज्याचे त्याला न दुरुस्त केलेलेच द्यायचे म्हणून. भरदुपारी शटर ओढलं, कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या हातात दिली.

मी भाचीला फोन लावायला घेतला, तर त्यांनी माझा हात धरला.

"आत्ता नको सांगूस," ते म्हणाले. "बसमध्ये असेल. घरी पोचेपर्यंत तरी खूश राहू दे तिला."