समुद्राच्या पाण्यासाठी केलेला अर्ज

हसायचं असेल तर आधी कप खाली ठेवा. हा घोटाळा माझा एकट्याचा आहे. दुसऱ्या कोणाला वाटेकरी करता येतं का, ते मी खूप पाहिलं. जमलं नाही!

वडनेर भोलजीला माझं बी-बियाण्याचं दुकान. बीटी कपाशी नवीनच आली होती. पाकिटावर टपोरी बोंडं, आणि शेतात? दिवसभर माणसं लाल पडलेलं पान घेऊन यायची. "हे काऊन असं झालं, भाऊ?" मला तरी काय माहीत! पाऊस नाही, विहिरी कोरड्या, कालव्याचं पाणी अर्ज देऊनही सुटेना. मी पान उलटंपालटं करायचो, काहीतरी फवारायला सांगायचो, आणि माणूस गेला की भिंतीवरच्या नकाशात शिरायचो. डावीकडे निळंच निळं. तिथं कोणी अळी दाखवत नाही!

थोडीफार फुटलेली कपाशी वाऱ्यावर हलली की मला तो फेस वाटायचा. खरा फेस पाहिला होता कुठं? मी समुद्रच पाहिला नव्हता.

माझा दोस्त सलीमभाई पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. विहिरीत पाणी नाही म्हणून तोही रिकामा. दोघं बाकड्यावर बसून डोळे मिटायचो.

"एक जुना ट्रॉलर पाहू," मी म्हणायचो. "बंदर-बंदर करत कारवारपर्यंत जाऊ, अन् किनाऱ्या-किनाऱ्यानं वापस. महिनाभर!"

"तुले पोहता येते का बे?"

"आपल्याले बोटीत बसाचं हाय. पोहाचं कायले?"

अशी दोन वर्षं गेली. शेवटी सलीमभाईच्या कोकणातल्या साडूनं जमवून दिलं. त्याच्या शेजारचे याकूबकाका जुने तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तानच. त्यांच्या मासेमारीतून निवृत्त झालेल्या तीन ट्रॉलरांपैकी एक निवडायचा होता.

निवडला कसा? बैल निवडतात तसा! मी तिन्ही बोटींच्या पाठीवर थाप मारली. सलीमभाईनं इंजिनाला कान लावला. "हिचा दम चांगला हाय." ठरली, निळी.

"सामान चढवा, बोट बांधून ठेवा," याकूबकाका म्हणाले. "मी डिझेल घेऊन येतो. संध्याकाळच्या पाण्याला निघू."

सकाळची वेळ, धक्क्याला पाणी काठोकाठ. आम्ही ज्वारीचं पीठ, ठेचा, लोणचं, पाण्याच्या कॅना चढवल्या. दोर मी स्वतः बांधला. आखूड, घट्ट. सैल सोडली अन् वाहून गेली तर? मग साडूकडं जेवलो, डुलकी काढली, दुपारी परत आलो.

समुद्र नव्हता!

खरंच सांगतो. खाली नुसता चिखल, त्यात खेकडे फिरत होते, आणि आमची निळी बोट नाकानं दोराला लटकलेली. पीठ सगळं चिखलात.

"कोणीतरी गेट उघडलं बे!" सलीमभाई ओरडला.

"खालच्या गावाले पाणी सोडलं असंन," मी म्हणालो. "चाल, अर्ज देऊ."

बंदराच्या ऑफिसात जाऊन मी सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला. विषय: समुद्राचे पाणी पूर्ववत सोडण्याबाबत. तिथल्या साहेबांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला, आतल्या खोलीत गेले. बराच वेळ खोकल्याचा आवाज आला. बाहेर येऊन त्यांनी भिंतीवरचा तक्ता पाहिला.

"साडेसहापर्यंत चालेल?"

"पुरं भरून देता का?"

"काठोकाठ!" शिक्का मारून पोचही दिली.

आणि काय सांगू, साडेसहाला पाणी आलं! धक्क्यापर्यंत! माझ्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. कागद देऊन अर्ध्या दिवसात पाणी? आमच्याकडं असं कधी झालंय?

याकूबकाका आले. दोराच्या हिसक्यानं बोटीचा खुंटा निम्मा उखडला होता. "गाठ कोणी मारली?"

"मी! बैल सुटत नाही हिच्यातून."

काकांनी मला हात जोडले. "महिनाभर तुमच्याबरोबर नाही यायचा मी. मला बायकापोरं आहेत."

पण आमची तोंडं पाहून त्यांना दया आली असावी. खाडीच्या तोंडापर्यंत एक फेरी मारून आणली. ऊन उतरलं होतं. पाणी आधी तांबूस झालं, मग जांभळं. इंजिन हळू करून काकांनी बोट नुसती डुलू दिली. सलीमभाई पाण्यात हात सोडून बसला होता. कारवार राहिलं, पण त्या तासाभरात मला कुठंच जायचं नव्हतं.

गावी परतलो आणि आठवडाभर येईल त्याला कोकणातल्या कारभाराचं कौतुक ऐकवलं. बायको माहेरी गेली होती. ती आली तेव्हा तिला पोच दाखवली. तिनं वाचली, खाली बसली.

"अहो, याले ओहोटी म्हणतात. पाणी आपोआप जाते, आपोआप येते. आता हे कोणापाशी बोलू नका. मले शाळेत भूगोल शिकवा लागते."

उशीर झाला होता. दुकानापुढं सात जण कोरे कागद घेऊन उभे होते. कालव्याला पाणी नव्हतं, आणि माझ्या अर्जाला गुण आहे, हे मीच त्यांना सांगितलं होतं.