सहापट हुग्गी

यंदाच्या यात्रेची हुग्गी, म्हणजे आमची खपली गव्हाची खीर, नातसुनेनं स्वतःहून अंगावर घेतली. लग्नानंतरची तिची पहिलीच यात्रा. साठ माणसं जेवायची, त्यात तिच्या माहेरचीही. बेळगावात बँकेत नोकरी करते, आकड्यांना भीत नाही.

"आज्जी, दहा माणसांना किती घालता?"

"किलोभर खपली, सव्वा किलो गूळ."

मोबाईलवर बोट फिरलं. "म्हणजे साठाला सहा किलो आणि साडेसात. दूध, खोबरं, खसखस, सगळंच सहापट. झालं!"

हिशेब चोख होता. माझाही असाच चोख होता.

काकतीकडच्या या गावात मी सून म्हणून आले ती सातवी पास होऊन, आणि हे गोठ्यातल्या म्हशीलासुद्धा सांगून झालं होतं. पहिल्या यात्रेला कोळशानं फरशीवर त्रैराशिक मांडलं, जावांना समजावलं आणि खपली शिजत घातली. पातेलं मात्र नेहमीचंच. "मधनंमधनं पाणी ओता," असा हुकूम सोडून बाईसाहेब बांगड्या भरायला गेल्या. परत येते तर खपली फुगून काठाला टेकलेली, आणि गूळ, दूध, खोबरं अजून बाहेरच! मग कळशी, घमेलं, पाण्याचा हंडा, मिळेल त्यात वाटावाटी. कुणाच्या पानात नुसता गूळ, कुणाच्या नुसते गहू.

"सगळं सहापट केलंस गं," सासूबाई म्हणाल्या, "आन् पातेल्याला इसरलीस व्हय?"

आता नातसूनही तेच नेहमीचं पातेलं चुलीवर चढवत होती. वाटलं, गप्प बसावं. इतकी वर्षं एकटीनंच हसं सोसलंय, जरा सोबत मिळेल. पण तिची आई कट्ट्यावर बसून लेकीकडं टक लावून बघत होती.

माळ्यावरचं थोरलं पातेलं मी खाली काढायला लावलं. त्या यात्रेनंतरच सासूबाईंनी आणलेलं.

"आज्जी, एवढं कशाला? तळालाच बसेल की हे!"

"बसू दे. तू ढवळ."

दुपारी गूळ, दूध, खोबरं सगळं पोटात घेऊन हुग्गी काठाखाली चार बोटांवर थांबली. तिच्या आईनं वाटीभर चाखली आणि आणखी मागितली. नातसून एकदा पातेल्याकडं बघे, एकदा माझ्याकडं.

"तुम्हाला कसं कळलं हो, आज्जी?"

"सातवी पास हाय मी," म्हटलं.