माहेरचा वजनकाटा

वसंतमामाच्या घरी पाहुण्यांना आधी पाणी मिळायचं. माझ्या आईला, म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीला, आधी वजनकाटा. केनवडला त्याच्या अंगणात सोयाबीनची पोती मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा होता. दिवाळीला आम्ही पोहोचलो की तो म्हणायचा, "चपला काढ वं बाई, उभी राय." निघताना पुन्हा तेच. आकडा वाढला असला की त्याचा चेहरा निवळायचा. "आता जा. माहेरात राहून गेल्यासारखी दिसून राह्यली."

"दादा, मी काय सोयाबीन हाय?"

"सोयाबीनले भाव नाही, म्हून तुले मोजून राह्यलो."

इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे माझं मराठी अडखळायचं. मामा त्याला कधी हसला नाही, म्हणून त्याच्याशी मी थोडं बोलायचे.

एका दिवाळीत जेवताना आईनं सांगितलं, की तिला रक्तदाब आणि साखर दोन्ही निघालेत, आणि मालेगावच्या डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलंय. मामानं ताट बाजूला सारलं.

"बाईमाणसानं वाळावं, असं कोणता डॉक्टर सांगते? थोरली बी वाळतच गेली होती."

थोरली म्हणजे त्यांची मोठी बहीण. तीही अशीच दिवाळीला आली होती, हडकलेली. प्रवासानं थकली असेल, असं सगळे धरून चालले. सासरी परतली आणि काही दिवसांत क्षयानं गेली. आईला काट्यावर उभं करणं तेव्हापासूनचं, हे मला त्या दिवशी कळलं.

मी त्याच्याजवळ जाऊन बसले. "मामा, नुसतं वजन बघत नाहीत. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीनं दोनदा भागतात. त्याला बीएमआय म्हणतात. आपल्याकडे मोठ्या माणसाचा साडेअठरा ते तेवीसच्या मध्ये असावा. वर गेला तर साखर, रक्तदाब यांचा धोका. खाली गेला तरी काळजीच."

"खाली बी?" त्यानं बाहेर अंगणातल्या काट्याकडे पाहिलं. "म्हंजे थोरली खाली होती."

मग उठला. "उंची तं मी कधी मोजलीच नाही." आणि पन्नाशीच्या बहिणीला दाराच्या चौकटीशी उभं करून त्यानं तिच्या डोक्याशी पेन्सिलीनं रेघ मारली.

पुढच्या दिवाळीपर्यंत आई रोज चालून, ताटातला भात कमी करून बरीच उतरली होती. ती काट्यावर उभी राहिली तेव्हा मामा आकड्याकडे बघतच नव्हता. तिच्या तोंडाकडे बघत होता.

"खरं सांग. तू कमी केलं, का खाणंच जात नाही?"

"मीच केलं, दादा. जिना चढताना आता दम लागत नाही."

मग त्यानं आकडा वाचला. मान डोलावली.

या उन्हाळ्यात मामा गेला. छातीत कळ आली आणि संपलं. तेरवी आटोपून निघताना आई अंगणात थांबली. चपला काढल्या आणि काट्यावर चढली. मामीनं काही न विचारता बटण दाबलं. आईनं आकडा स्वतःच मोठ्यानं वाचला.

"बरी हाय, दादा," ती म्हणाली, आणि उतरून चपला शोधू लागली.