आबांच्या खात्यातला तिसरा माणूस

हसायचं असेल तर खुशाल हसा, पण आधी चहाचा कप खाली ठेवा. माझ्या हुशारीचा असा निकाल लागलाय, की ऐकणाऱ्याच्या नाकातून चहा येतो. दोघांच्या आलेला आहे.

सुरुवात पारोळ्याच्या एका लग्नात झाली. आमचे नाना, म्हणजे माझे वडील, यांना एक खोड आहे. मांडव दिसला की यांना माझं इंजिनीअरिंग आठवतं!

"आमचा पंकज? सोडलं त्यानं कॉलेज. घरी बसून मोबाईलवर पत्ते कुटतो."

हे कुणाला सांगावं? नवरीच्या मामाला! तो बिचारा मला ओळखतसुद्धा नव्हता!

मी भडकलो. म्हटलं, "पत्ते कुटत नाही नाना, पोकर खेळतो. खोट्या कॉइनवर खेळतो, एक रुपया लावत नाही. आणि ते नशिबावर चालत नाही, गणितावर चालतं."

शेजारी आबा जिलबी खात होते. आबा म्हणजे माझे मोठे काका. धुळ्याला हायवेवर त्यांचं टायरचं दुकान आहे. बोटं चाटत म्हणाले, "गणित शे का? मंग मना संगे खेळ. तू जिंकना ते वरीसभर तुले कोनी कॉलेजनं इचारावं नही. हारना ते धुळाले ये, दुकानवर बस."

नाना लगेच म्हणाले, "मंजूर!"

बघा म्हणजे! पोराचं आयुष्य ठरवायला या लोकांना एका जिलबीएवढा वेळ पुरतो. मला कुणी विचारलं? पण मामाच्या देखत माघार कशी घेणार? मीही म्हणालो, मंजूर. 

महिनाभर ॲपवर एकमेकांशी सराव करायचा, मी जळगावात, आबा धुळ्यात. मग एका रविवारी समोरासमोर एकच सामना. असं ठरलं.

माझ्याकडे हत्यार होतं. ट्रॅकर! हे सॉफ्टवेअर समोरच्याचा प्रत्येक डाव टिपतं. तो किती डावांत उतरतो, समोरून बरेच कॉइन लागले, म्हणजे मोठी बोली आली, की किती वेळा पत्ते टाकून पळतो, सगळं. हातात काहीच नसताना मोठी बोली लावून समोरच्याला पळवायचं, त्याला ब्लफ म्हणतात. एवढं कळलं तरी पुढचं कळेल.

तिसऱ्या आठवड्यात आबांचे आकडे पक्के झाले. निम्मे डाव खेळतात, आणि मोठी बोली आली की बऱ्याचदा पळतात!

पळतात? आबा? लहानपणापासून ज्यांच्यासमोर मला नीट शिंकताही आलं नाही, ते आबा मोठ्या बोलीला घाबरतात? मला इतका आनंद झाला, की मी घरात सगळ्यांशी गोड बोललो. आईनं कपाळाला हात लावून ताप बघितला.

आता खरं सांगायचं, तर मी स्वतः भित्रा खेळाडू. राजा-राणी हातात आल्याशिवाय डावात उतरत नाही. पण आकडे म्हणत होते, पंकज, बदल! मग मी बदललो. रोज ॲपवर अनोळखी लोकांशी खेळताना घोकलं की काही नसलं तरी ठोकायचं. ब्लफ लावताना डोळे मिटून घ्यायचो, पण ठोकायचो.

ट्रॅकरमध्ये सकाळचे आणि दुपारचे आकडे वेगळे बघायची सोयही होती. ती मी बंद केली. म्हटलं, माणूस सकाळी एक आणि दुपारी दुसरा असतो का कुठे?

रविवारी एस.टी.नं धुळ्याला पोचलो. आबा बनियनवर खुर्चीत बसलेले. शेजारी अक्का, आबांची बायको, शेंगा सोलत होती. सख्ख्या पुतण्याचं भवितव्य पणाला लागलंय आणि बाई शेंगा सोलतेय!

आपापल्या मोबाईलवर सामना सुरू झाला. छोटे-छोटे डाव इकडून तिकडे गेले. मग मला आले सत्ती आणि दुर्री. म्हणजे कचरा! म्हटलं, हीच वेळ.  सगळे कॉइन पुढे ढकलले आणि आबांच्या तोंडाकडे बघितलं. आता पळतील. आकडे सांगतात, पळतील!

आबांनी जांभई दिली आणि टिच्चून बटण दाबलं. त्यांच्याकडे तिर्रीची जोडी होती. एवढ्याशा तिर्रीवर सगळं लावलं या माणसानं! आणि सामनाच जिंकला.

"आबा! तुम्ही पत्ते का नाही टाकले?"

"ते टाकानं बटन कोठे शे रे भो? माले ते अजून सापडेल नही."

मी मोबाईल खाली ठेवला. "मग महिनाभर कोण टाकत होतं?"

"मी," अक्का म्हणाली. "सकायले तुना आबा खेळतस. दुपारले ह्या निजी जातस, तवय मी खेळस."

कळलं का तुम्हाला? एक माणूस कधीच पळत नाही, एक बाई सारखी पळते. ट्रॅकरनं दोघांची सरासरी काढली. आणि जो या जगात जन्मालाच आलेला नाही, अशा तिसऱ्या माणसाला हरवायला मी महिनाभर शिकलो!

मी ओरडलो, "हा सामना रद्द! एका खात्यावर दोघं, ही फसवणूक आहे!"

"फसवनूक?" अक्कानं शेंगा बाजूला सारल्या. "चाल, मंग मना संगे खेळ. जिंकना ते जाय जळगावले."

इथं माझा मेंदू पुन्हा पेटला. पळणारी हीच! म्हणजे आकडे खरेच होते, माणूस तेवढा चुकला होता! पहिल्याच डावात मी पुन्हा कचऱ्यावर सगळे कॉइन ठोकले.

अक्कानं चष्मा पुसला. आणि बटण दाबलं. तिच्याकडे दोन राण्या!

"अक्का, तू तर नेहमी पळतेस ना?"

"अरे, दुपारले कुकरनी शिटी वाजनी का मी ते टाकानं बटन दाबीसन उठी जास. आज कुठला कुकर? तू येनार म्हनीसन भाजी हॉटेलमाईन आनेल शे."

म्हणजे अर्धा महिना मी त्यांच्या कुकरचा अभ्यास केला होता.

संध्याकाळी नानांचा फोन आला. आबांनी आधीच कळवलं होतं, आवाजावरून समजलं.

"काय, कसं काय झालं?"

"नाना, मी हरलो नाही! त्यांनी गंडवलं! त्यांच्या एका खात्यावर दोघं जण खेळत होते!"

 नाना म्हणाले, "आणि तुझ्या खात्यावर?"

"मी एकटाच!"

"नीट आठवून बघ बुवा. एकट्या माणसाच्यानं एवढा मूर्खपणा होत नाही."

मी रागानं फोन कापला. आणि आबांच्या दुकानाच्या पायरीवर बसून, खोटं कशाला बोलू, खरंच आठवून बघितलं.