ढग वाजले की पासवर्ड

अनवरीशी वाकडं घेऊ नये, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. चांदवडच्या एका किराणावाल्यानं तिला कधीकाळी जुनाट चहापत्ती बांधून दिली आणि वर म्हणाला, "तुम्हाला काय कळतंय त्यातलं." तेव्हापासून ही बाई त्या दुकानाशी आली की रस्ता ओलांडून पलीकडनं चालते. एकदा दुकान बंद होतं. मी म्हटलं, "अगं, शटर खाली आहे, चल की सरळ." तर म्हणते, "शटर बी त्याचंच हाय, वत्सलाताई."

तिचा नवरा शफी हायवेला विहिरीच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करतो, आणि दुकानातली निम्मी तारेची कॉइलं हीच गुंडाळते. वायरीची तिला भीती नाही. म्हणून बचत गटातनं कुणीतरी नाशिकला कॉम्प्युटरच्या ट्रेनिंगला जायचं ठरलं, तेव्हा आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि तिनं हात वर केला. परत आली ती पत्त्याच्या पानाएवढी एक हिरवी पाटी घेऊन. म्हणाली, हा कॉम्प्युटर. मी म्हटलं, "माझ्या मोरीतली साबणाची वडी ह्याच्यापेक्षा मोठी हाय गं बाई!"

पण त्याच वडीनं आमची कांदाचाळ सांभाळली. गटातल्या सगळ्या बायकांचा उन्हाळ कांदा त्या एका चाळीत असतो. आत दमट झालं की कांदा घामेजतो, आणि एक सडला की शेजारच्या दहांना घेऊन जातो. अनवरीनं चाळीत दमटपणा मोजणारी काडी लावली, पंखे जोडले आणि कुणाच्या तरी घरचा जुना टीव्ही पडदा म्हणून लावला. पडदा नुसता काळा. चित्र नाही, बटण नाही, सगळे हुकूम लिहून द्यायचे. आम्हाला तिनं चाळीवरूनच शिकवलं. पीडब्ल्यूडी लिहिलं की मशीन सांगतं, तू कुठल्या खणात उभी आहेस. एलएस लिहिलं की त्या खणात काय काय भरलंय ते दाखवतं. सीडी लिहून पुढच्या खणाचं नाव दिलं की तिकडं जायचं. पंखा नावाच्या खणात जाऊन शेवटचा हुकूम दिला की पंखे दमट हवेवर नजर ठेवायला लागतात.

खोट एकच होती. लाइट गेली की मशीन परत उठायचं खरं, पण उंबऱ्यातच उभं राहायचं. नाव विचारणार, पासवर्ड विचारणार, आणि हुकूम मिळेपर्यंत पंखे बंद. आमच्याकडं तर ढग वाजला रे वाजला की जो तो धावत जाऊन फ्यूज काढतो. गावातल्या गेणूची मोटर विजेनं जळाली तेव्हापासून ही खोड हाडात मुरलीये. मग ढग गेले की फ्यूज लावायचा आणि अनवरीला हाक मारायची. ती यायची, पासवर्ड टाकायची, पंखे लावून जायची. कुरकुर म्हणून नाही.

एवढं सुरळीत चाललेलं बघवेल कुणाला? कुसाआक्का आमच्या गटाच्या अध्यक्ष, आणि हिरामण त्यांचा मुलगा. चाळीचं नाव पंचक्रोशीत झालं तसा हा रोज यायला लागला. एके दिवशी दारावर पाटीच ठोकली. "संकल्पना व संचालन : हिरामण." खाली मोबाईल नंबर. अनवरी पाटीकडं बघत राहिली. म्हणाली, "हिरामणभाऊ, हे काय?" तो हसला मेला! सगळ्या बायकांसमोर म्हणाला, "भाभी, मशीन नाजूक असतं. तुमच्या बोटांना कांद्याचा वास येतो. तुम्ही कांदे निवडा, हे मी बघतो. पासवर्ड तेवढा सांगून ठेवा."

आम्ही सगळ्या कांदे निवडणाऱ्याच. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला वाटलं, ही आता त्याच्या कानाखाली जाळ काढते. पण तिनं गुमान पासवर्ड सांगितला. मग म्हणाली, "शेवटचं आवरून देते." पडद्यापुढं बसली, दोन ओळी लिहिल्या, पदराला हात पुसले. "घ्या भाऊ, कारभार तुमचा," म्हणाली आणि निघून गेली. मला वाटलं, मशीनचा निरोप घेतला असेल. कसला निरोप!

पुढं बरेच दिवस उघाड होती. लाइट टिकून होती, पंखे चालू होते, आणि हिरामण पडद्यापुढं मिशा पिळत बसायचा. भाद्रपदात नाशिकहून साहेब लोक चाळ बघायला आले. हा इस्त्रीचा शर्ट घालून सांगतोय, मी असं केलं, मी तसं केलं. तेवढ्यात ढग गडगडला. आणि काय सांगू, बोलता बोलता गडी उडी मारून धावला आणि स्वतःच्या हातानं फ्यूज काढून मोकळा! हाडातली खोड ती. ढग ओसरले, फ्यूज लावला, मशीन उठलं आणि उंबऱ्यात उभं राहिलं. ह्यानं पासवर्ड टाकला. चुकीचा. परत टाकला. चुकीचा. चाळीत वाफ कोंडायला लागली. कुसाआक्कांनी वरचा एक कांदा हातात घेतला, तो ओला लागला. माझाही सगळा माल आतच होता. पण खरं सांगते, मनात आलं, सडू दे माझे दोन क्विंटल, पण ह्याचं तोंड असंच बघायला मिळू दे.

तिला बोलवायला मीच गेले. शफीच्या दुकानात कॉइल गुंडाळत होती. म्हणाली, "एवढं कॉइल होऊ दे." आणि शेवटच्या फेऱ्यापर्यंत गुंडाळलं.

चाळीत आली ती दारातच थांबली. हिरामण घामानं निथळत होता. "भाभी, पासवर्ड बदललाय का?"

"बदललाय. सोपा हाय. 'चाळ अनवरीनं बसवली.' इंग्रजी अक्षरात, सगळं जोडून."

साहेब लोकांनी पाटीकडं बघितलं, मग त्याच्याकडं. हिरामण दबक्या आवाजात म्हणाला, "तुम्हीच टाका ना."

"मी कशी टाकू, भाऊ? माझ्या बोटांना कांद्याचा वास येतो. आणि मोठ्यानं म्हणत म्हणत टाका, मनात म्हटलं की अक्षर गळतं."

त्यानं आईकडं बघितलं. कुसाआक्कांच्या हातात तो ओला कांदा तसाच होता. "टाक की रे," त्या म्हणाल्या. "खोटं हाय का?"

बसला मग. पासवर्ड टाकताना पडद्यावर काही म्हणजे काही उमटत नाही, ठिपकासुद्धा नाही. त्याला वाटलं कीबोर्ड मेला, म्हणून त्यानं दोन बुक्क्या मारल्या. पहिल्यांदा चुकलं. अनवरी शांतपणे म्हणाली, "नाव खाल्लंत भाऊ. परत." दुसऱ्यांदा त्यानं एकेक अक्षर मोठ्यानं म्हटलं, साहेबांसमोर, आईसमोर, आम्हा सगळ्या कांदेवाल्यांसमोर. मशीननं आत घेतलं. पंखा खणात कसं जायचं तेही तिनं दारातूनच सांगितलं. पंखे सुरू झाले आणि माझं काळीज गार झालं.

दुसऱ्या दिवशी तो पाटी काढायला शिडी घेऊन आला, तर अनवरीनंच अडवलं. "राहू दे भाऊ. संचालन तुमचं ना? मग ढग वाजले की तुम्हीच यायचं." बायकांनी माना डोलावल्या. कुसाआक्कांनीही. त्या दिवसापासून ढग वाजला की कुणीतरी फ्यूज काढतं, आणि मग हिरामणला हाक जाते. आम्ही निवडायचं सोडून त्याचा पासवर्ड ऐकायला उभ्या राहतो.

परवा मी तिला विचारलं, "अनवरे, लाइट आल्यावर पंखे आपोआप सुरू होतील, असा काही हुकूम नसतो का गं?"

"असतो की," ती म्हणाली. "ट्रेनिंगला दुसऱ्याच दिवशी शिकवलाय."

"मग घालत का नाहीस?"

तिनं मान वर करून आभाळाकडं बघितलं. "घालीन. पण अजून परतीचा पाऊस यायचाय, ताई."