दुसरी चावी कोणाकडे

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. समाजकार्याची पदवी मी फ्रेम करून दारासमोरच्या भिंतीवरच लावली आहे. येणाऱ्याला दिसलीच पाहिजे. पण स्वतःच्या घराची चावी म्हणजे काय, ते त्या पदवीत शिकवलं नव्हतं आणि घरीही नाही. आम्ही सगळे एका खोलीत वाढलो. कोणी ना कोणी घरात असायचंच, कुलूप लावायची वेळ येत नसे. म्हणून त्या दिवशी चावीवरून वाद झाला, तेव्हा मी कान टवकारून बसले.

मानसिक आजारातून सावरणाऱ्या लोकांच्या केंद्रात मी काम करते. तिथे येणाऱ्या चाळिशीतल्या एका बाईंनी शनिवार पेठेत, पिठाच्या गिरणीच्या वर, स्वतःपुरती खोली घेतली होती. आजारपणाची सगळी वर्षं त्या पुण्याबाहेर मांजरी गावात थोरल्या भावाकडे होत्या. एकदा त्यांनी आतून कडी लावून घेतली आणि कितीही हाका मारल्या तरी उघडली नाही, तेव्हा भावाने दार फोडलं होतं. त्यामुळे नव्या खोलीची दुसरी चावी आपल्याकडेच राहणार, हे ते धरूनच चालले होते.

"चावी न्हाई तर खोलीबी न्हाई, मॅडम," बाईंच्या नव्या खोलीत बसून ते मला म्हणाले. "टेम्पो खाली उभा हाय. सामान भरतो."

आधीही एकदा बाई अशीच खोली सोडून त्यांच्यामागे मुकाट निघून गेल्या होत्या. आताही तेच होईल, अशी मला धाकधूक.

आमच्याकडे पद्धत अशी, की ज्याचा प्रश्न त्यानेच आधी बोलायचं. बाकीच्यांनी थांबायचं, कितीही वेळ लागो. औषधांमुळे बाईंना शब्द जुळवायला वेळ लागतो. भावाने मधेच तोंड उघडलं, मी चहा पुढे सरकवला. माझे आपले अंदाज चालू होते : भावालाच देतील, नाहीतर केंद्रात ठेवतील.

"गिरणीवाल्या काकूंकडं," बाई म्हणाल्या.

"ती कोण लागती आपली?" भाऊ उसळले.

"कुणीच न्हाई." मग बऱ्याच वेळाने, "मी सकाळी खाली उतरले न्हाई, तर तिला आधी कळंल. तू मांजरीहून येस्तोवर दुपार हुईल. आन् ती पयली हाक मारंल, दादा. तू पयलं दार उघडशील."

भावाने कप खाली ठेवला आणि चपला पायात सरकवल्या. माझे दोन्ही अंदाज चुकले होते, आणि मला त्याची मजा वाटत होती.

आम्ही खाली गेलो. काकूंनी पिठाचे हात पदराला पुसून चावी घेतली.

"ठेवते. पण रोज फोन करून ती काय जेवली, कधी झोपली, असलं विचारायचं नाही. माझी गिरणी आहे, चौकशी खिडकी नाही."

"मग मी आलो तर?" भावाने बहिणीला विचारलं.

"कडी वाजव."

टेम्पो रिकामाच गेला.

पुढच्या रविवारी बाईंनी मला चहाला बोलावलं होतं. आम्ही बसलो होतो तेवढ्यात कडी वाजली.

"थांब रे दादा!" म्हणत बाई उठल्या, त्या दाराकडे न जाता आरशाकडे. केस विंचरलेलेच होते. ते त्यांनी सावकाश पुन्हा विंचरले. बाहेर भाऊ खाकरले, पायांवर भार बदलल्याचा आवाज आला. पण कडी त्यांनी पुन्हा वाजवली नाही.